गळ टाकायचा राहून गेला

प्रिय मामा,



फोनवर तुला आता नीट ऐकू येत नाही. व्हिडिओ कॉल लावला तर "बरं आहे, सगळं बरं आहे" म्हणतोस आणि फोन मामीच्या हातात देतोस. म्हणून हे पत्र. तुझी नात वाचून दाखवेल, तिला म्हणावं घाई करू नकोस. पत्र छापायलाही देते आहे. जी चूक माझ्याकडून झाली ती इथे मिशिगनमध्ये ओळखीच्या घराघरांत दर उन्हाळ्यात होताना बघते. आईवडील येतात, मामा-मावशी येतात, तीन महिने, सहा महिने राहतात. आम्ही त्यांना सगळं दाखवतो आणि ज्यात त्यांचा जीव रमेल तेवढं नेमकं राहून जातं.

दोन वर्षांपूर्वी तू आलास. आई गेल्यावर माझं माहेर म्हणजे तूच, त्यामुळे काय करू आणि काय नको असं मला झालं होतं. नायगारा दाखवला. शिकागोला उंच इमारतीत काचेच्या जमिनीवर उभं केलं. देवळात नेलं, मॉलमध्ये नेलं. प्रत्येक ठिकाणी तू "छान आहे" म्हणालास. उरलेले दिवस आम्ही दोघं कामावर, माझी धाकटी लेक तिच्या उन्हाळी वर्गात आणि तू घराच्या मागच्या बाजूला खुर्ची टाकून बसलेला. कुंडीतल्या टोमॅटोला दिवसातून दोनदा पाणी घालायचास. उभ्या आयुष्यात दिवस उजाडल्यावर ज्याचा पाय घरात ठरला नाही, त्याला मी तीन महिने बसवून ठेवलं.

आणि ती दुपार. शिकागोहून परत येताना जेवायला म्हणून आपण एका तळ्याशी थांबलो होतो. आम्ही डबे उघडतोय तोवर तू पाण्याशी जाऊन पोचलासही. काठावर एक म्हातारा गोरा माणूस स्टुलावर बसून मासे धरत होता. तू त्याच्या बादलीत वाकून पाहिलंस. त्याला मराठी येत नव्हतं, तुला इंग्रजी येत नव्हतं. त्यानं बादलीतला मासा वर धरून दाखवला. तू दोन्ही हात पसरून दाखवलंस, आमच्याकडे एवढाले. तो हसला, तूही हसलास. तीन महिन्यांत तू इतका मोकळा हसलेला मी पाहिला नव्हता. मग त्यानं आपली काठी तुझ्यापुढे केली. तू हात पुढे केलास आणि तेवढ्यात मी हाक मारली, "मामा, चल लवकर, उशीर होतोय."

तू काठीकडे पाहिलंस, त्याला नमस्कार केलास आणि गाडीत येऊन बसलास.

घरी लवकर पोचून काय करायचं होतं ते मला आता आठवतसुद्धा नाही. २०१९ च्या पुरात तुझ्या पडवीतली काठ्यांची जुडी, गळांचा पत्र्याचा डबा, दोरीची रिळं, सगळं कृष्णेनं नेलं आणि त्यानंतर तू नवी काठी तोडली नाहीस, हे मला ठाऊक होतं. तरी त्या क्षणी ध्यानात आलं नाही. ते आलं यंदाच्या जूनमध्ये, ग्रीन लेकच्या काठावर, धाकटीच्या हातात पहिल्यांदा काठी देताना.

त्या जागेचं नाव इंटरलॉकन. आमच्या घरापासून वायव्येला गाडीनं साधारण चार तास. डेट्रॉइटची वस्ती सुटली की आधी सपाट शेतं लागतात, मग झाडी दाट होत जाते आणि माती पांढरट, वाळूसारखी होते. डक लेक आणि ग्रीन लेक अशी दोन मोठी तळी आहेत आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर हे स्टेट पार्क. नावाचा अर्थच तो: 'इंटर' म्हणजे मधलं आणि 'लॉक' म्हणजे स्कॉटलंडच्या लोकांच्या बोलीत तळं. त्यांच्या कितीतरी आधीपासून इथे राहणाऱ्या ओडावा लोकांनी ह्या तळ्यांना वाबेकानेस आणि वाबेकानेटा म्हटलं होतं. एकाचा अर्थ 'पाणी रेंगाळतं' आणि दुसऱ्याचा 'पाणी पुन्हा रेंगाळतं'. मला ही नावं फार आवडली. आपल्या वळणावरच्या डोहात कृष्णा अशीच रेंगाळते.

पार्क केवढं म्हणशील, तर १८७ एकर. आपल्या गावच्या शिवाराचा एक कोपरा. अमेरिकेतली मोठी राष्ट्रीय उद्यानं तुला मी टीव्हीवर दाखवली होती, डोंगर, गरम पाण्याचे फवारे, रानगवे. ती बघायला जगभरातून लोक येतात. ही स्टेट पार्कं मात्र राज्याची असतात. एकट्या मिशिगनमध्ये शंभरावर आहेत आणि तिथे येतात ते इथलेच लोक. गाड्यांच्या कारखान्यात काम करणारे, शाळामास्तर, नर्सा, नातवंडांना घेऊन आलेले आजी-आजोबा. तू मला विचारलं होतंस, "इथली साधी माणसं सुट्टीला कुठं जातात गं?" तेव्हा मी काहीतरी उत्तर दिलं होतं. खरं उत्तर हे आहे.

पहिल्या दिवशी तंबू ठोकून झाल्यावर आम्ही पाइनच्या झाडीतली पायवाट धरली. वाट जेमतेम मैलभराची, सपाट, पायाखाली सुयांसारख्या पानांचा इतका जाड थर की पावलाचा आवाज होत नाही. तुझ्या गुडघ्यांनाही झेपेल. वर मान केली तर शंभर फुटांहून उंच खोडं सरळ गेलेली. ही झाडं अजून उभी कशी, हे तुला सांगायलाच हवं.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या तीस-पस्तीस वर्षांत मिशिगनचा पांढरा पाइन कुऱ्हाडीखाली गेला. सरळ वाढणारं, हलकं, पाण्यावर तरंगणारं लाकूड. हिवाळ्यात बर्फावरून ओंडके ओढत नदीकाठी रचायचे आणि वसंतात बर्फ वितळून नदी फुगली की तिच्यात लोटून द्यायचे. खाली गिरण्या त्यांच्या फळ्या पाडायच्या. त्या फळ्यांवर गावंच्या गावं उभी राहिली. रान मात्र संपलं. मैलोन्‌मैल नुसती खुंटं उरली आणि वाळलेल्या फांद्यांना आगी लागून तीही जळली. ही दोन तळ्यांमधली पट्टी एका लाकूड कंपनीच्या मालकीची होती आणि तिच्यावरचे जुने पाइन तोडायचे राहिले होते. १९१७ मध्ये मिशिगनच्या विधिमंडळानं ६०,००० डॉलर मोजून ती विकत घेतली, लोकांसाठी. राज्यातल्या आजच्या स्टेट पार्कांच्या मालिकेची सुरुवात इथून झाली असं मानतात. विचार कर मामा, पहिलं महायुद्ध चाललेलं, अमेरिका त्याच साली त्यात उतरलेली आणि ही माणसं झाडांच्या एका तुकड्यासाठी पैसे मोजत होती.

झाडीत शिरल्यावर मला मामीच्या माहेरची, पाटणकडची देवराई आठवली. मी सात-आठ वर्षांची असेन. मी एक वाळकी काटकी उचलली होती, वाळूत रेघा मारायला. तू काही बोलला नाहीस. माझ्या हातातून ती घेतलीस आणि जिथून मी उचलली होती तिथेच वाकून परत ठेवलीस. इथे शेंदूर नाही, देव नाही. फाटकाशी पाटी आहे आणि तिच्यावर नियम आहेत. पण नियम तोच: पडलेली फांदीसुद्धा जळणाला उचलायची नाही. ती तिथेच कुजते, तिच्यावर शेवाळ चढतं आणि त्या शेवाळात नवं रोप रुजतं. धाकटीनं खिशात घातलेलं पाइनचं फळ मी काढून घेतलं आणि वाकून खाली ठेवलं. वाकले तेव्हा कळलं की हे वाकणं माझं नव्हे, तुझं आहे.

झाडं ओळखायची एक खूण आम्हाला तिथे कळली. खाली गळलेल्या सुयांचा झुबका उचलायचा आणि मोजायचा. एका झुबक्यात पाच सुया असल्या तर पांढरा पाइन, दोन असल्या तर तांबडा. तांबड्याची साल खवल्यासारखी, लालसर, तिचे पापुद्रे सुटतात. पांढऱ्याची साल म्हातारपणी काळपट होते आणि तिला खोल भेगा पडतात. धाकटी पुढचा तासभर फक्त पाच आणि दोन मोजत होती. तुझ्याकडे मी बैलांचे दात मोजायला शिकले, तसं.

आता मुक्कामाचं सांगते. डक लेकच्या बाजूला विजेची सोय असलेल्या शेकडो जागा आहेत, तिथे मोठमोठ्या गाड्या घेऊन लोक उतरतात. आम्ही ग्रीन लेककडची साधी बाजू घेतली. वीज नाही, नळ नाही, खड्ड्याचे संडास आणि पाण्याला हापसा. हो, हापसा, अगदी आपल्या शाळेपुढचा होता तसा. धाकटीला तो इतका आवडला की शेजारच्या दोन तंबूंचंही पाणी तिनंच भरून दिलं. प्रत्येक जागेला एक लाकडी मेज, बाकडी आणि जाळ करायला लोखंडी कडं. ह्याखेरीज काही नाही आणि लागलंही नाही.

जळणाची एक गोष्ट तुला मुद्दाम सांगते, तुला पटेल. घरून लाकडं आणू नयेत असं इथे बजावून सांगतात. २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ एक हिरवा चकचकीत भुंगा सापडला, भाताच्या दाण्याहून थोडा मोठा. आशियातून बहुधा मालाच्या खोक्यांच्या लाकडातून आलेला. त्याची अळी ॲश नावाच्या झाडाच्या सालीखाली नागमोडी बोगदे करते, त्यामुळे झाडाचा रस वर चढायचा थांबतो आणि दोन-चार वर्षांत झाड वाळतं. कोट्यवधी झाडं अशी गेली. आमच्या गल्लीत ॲशची रांग होती, तिची आता खुंटंही उरली नाहीत. हा भुंगा स्वतः काही फार लांब उडत नाही. त्याला लांब नेलं ते माणसांनी, तंबूला जाताना गाडीत टाकलेल्या जळणातून. म्हणून लाकडं तिथेच विकत घ्यायची, तिथेच जाळायची. तुझे जावई म्हणाले, घरी एवढी सुकी लाकडं पडलीत, दोन मोळ्या टाकू या की. मी नाही म्हटलं. तूही नाहीच म्हणाला असतास.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी धाकटीला उठवलं. तळ्यावर धुकं होतं, चुलीवरच्या पातेल्यातून वाफ निघावी तसं. ह्या भागातली तळी बर्फानं केलेली आहेत. हजारो वर्षांपूर्वी इथे बर्फाचे प्रचंड थर होते. ते मागे हटताना मोठमोठे तुकडे वाळूत रुतून राहिले, ते वितळले तिथे खड्डे झाले आणि पाणी भरलं. त्यामुळे तळाला चिखल कमी, वाळू जास्त आणि पाणी इतकं नितळ की कमरेइतक्या पाण्यात उभं राहून आपली नखं दिसावीत.

काठाजवळ उथळ पाण्यात मी जे पाहिलं ते तुला दाखवायला हवं होतं. वाळूत ताटाएवढे गोल खळगे, एकाला एक लागून, पंगतीला ताटं मांडावीत तसे. प्रत्येक ताटावर एक मासा. ब्लूगिल म्हणतात त्याला. ही त्यांची घरटी. नर शेपटीनं वाळू उडवून खळगा करतो, मादी अंडी घालून निघून जाते आणि तो तिथेच थांबतो. कल्ल्यांमागचे पंख सारखे हलवत अंड्यांवर पाण्याचा वारा घालतो, गाळ बसू नये म्हणून. दुसरा मासा जवळ आला की त्याच्या अंगावर धावून जातो आणि लगेच जागेवर येतो. आमची सावली पडली तरी हलला नाही.

धाकटीनं तिथेच गळ टाकायला हात उचलला. समोर इतके मासे दिसताना तिचं काय चुकलं. पण मला मृगाचा पहिला पूर आठवला, पाणी तांबडं झालं की तू काठ्या उचलून पडवीच्या आढ्याला बांधायचास ते. "आता त्यांचा संसार चाललाय," म्हणायचास. इथल्या कायद्यानं ब्लूगिलला वर्षभर बंदी नाही, एका माणसानं दिवसाला पंचवीसपर्यंत धरले तरी चालतात. तरी आम्ही तिथून उठलो आणि लाकडी धक्क्याच्या टोकाला, खोल पाण्याकडे जाऊन बसलो. तिला मी तुझंच वाक्य सांगितलं. तिनं विचारलं, "असं कोण म्हणतं?" म्हटलं, मामाआजोबा.

काठी दुकानातली होती, रीळ लावलेली, दोरीला लिंबाएवढा लाल-पांढरा तरंगणारा गोळा. गांडुळं इथे दुकानात मिळतात, फ्रिजमध्ये ठेवलेल्या डब्यांतून, मातीसकट. तू शेणाच्या उकिरड्याकडेला खुरप्यानं माती उलटून काढायचास आणि मी केळीच्या पानात गुंडाळून आणायचे. गांडूळ गळाला लावायला धाकटी आधी घाबरली. मग तुझ्यासारखंच मी तिचा हात माझ्या हातात धरून लावून दाखवलं. आणि गप्प बसायला सांगितलं. माझ्या लहानपणी तू दिवसभरात सगळ्यात मोठं बोलणं हेच करायचास: गप्प बस. नऊ वर्षांची पोर, घरी एक मिनिट शांत बसत नाही. इथे वीस मिनिटं गोळ्याकडे बघत बसली. दोरी बोटावर धर, मासा आधी विचारतो, मग ओढतो, हेही तिला सांगितलं. गोळा दोनदा थरथरला. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, अजून नाही. तिसऱ्यांदा तो पाण्याखाली गेला.

मासा तिच्या तळहाताहून थोडा मोठा होता. अंगावर हिरवट-काळे उभे पट्टे, छाती पिकल्या आंब्यासारखी केशरी, गालफडावर निळी झाक आणि कल्ल्याच्या टोकाला काळाभोर ठिपका, कुणी तीट लावावी तसा. पाठीवर काटे असतात. शिंगट्यानं मला एकदा बोटात टोचलं होतं आणि तू रात्रभर हळद बांधत बसला होतास, ते आठवून मी आधी हात ओला केला आणि डोक्याकडून शेपटीकडे काटे दाबत मासा धरला. गळ ओठातच होता, सहज निघाला. धाकटीनं दोन्ही हातांची ओंजळ पाण्यात धरली. मासा तिच्या ओंजळीत क्षणभर तसाच थांबला आणि मग गेला.

दुसरा मासा मात्र वाचला नाही. तिचं लक्ष क्षणभर धुक्यातून जाणाऱ्या पक्ष्याकडे गेलं आणि तेवढ्यात त्यानं गळ पार आत गिळला. मी खूप प्रयत्न केला. कल्ल्यातून रक्त यायला लागलं. पाण्यात धरून ठेवला तर एका कुशीवर पडला. धाकटी रडायला लागली, आवाज न करता. "मी मारला का त्याला?" तिनं विचारलं. मला खोटं बोलता आलं नाही. म्हटलं, हो. आणि मारलेला जीव वाया घालवायचा नाही, हे मामाआजोबांनी मला शिकवलंय. मग तिनंच तो तंबूपर्यंत आणला. मी खवले काढले, पोट साफ केलं, हळद-मीठ-तिखट चोळलं, रव्यात घोळवला आणि कड्यातल्या जाळावर तव्यात परतला. एवढासा मासा, तिघांत दोन-दोन घास. चव गोडी, काटे बारीक. तिनं डोळे पुसत खाल्ला आणि काटे मोजून पानावर ठेवले.

शेजारच्या तंबूतल्या आजोबांनी हे सगळं पाहिलं असावं. संध्याकाळी ते एक पकड घेऊन आले, धाकटीचा गळ मागून घेतला आणि त्याचा आतला उलटा काटा पकडीनं चेपून सपाट करून दिला. आता मासा कधीकधी निसटेल, म्हणाले, पण सोडताना फाटणार नाही. आणि दोरीवर सतत बोट असू दे, म्हणाले. तुम्ही दोघं एकाच शाळेचे आहात.

ह्या दिवसांत इथे सूर्य रात्री साडेनऊला मावळतो. त्यानंतरही बराच वेळ उजेड रेंगाळतो. पार्काला लागूनच एक मोठी कलाशिबिराची जागा आहे. जोसेफ मॅडी नावाच्या संगीतशिक्षकानं १९२८ मध्ये तिथे शाळेच्या मुलांचं वाद्यवृंदाचं शिबिर सुरू केलं, ते अजून दर उन्हाळ्यात भरतं आणि जगभरातून मुलं येतात. त्यांचं एक सभागृह ग्रीन लेकच्या अगदी काठाशी आहे. वारा आमच्याकडे असला की सूर यायचे, तुटक तुटक, कुणी एकच तुकडा पुन्हा पुन्हा घोटत असल्यासारखे. नाटकमंडळींच्या तालमी तू मारुतीच्या देवळामागून ऐकायचास, तसं मी तंबूबाहेर बसून ऐकलं.

दहा वाजता सगळं शांत व्हायचं, तो नियमच आहे. आणि मग तळ्यावरून लून ओरडला. काळा-पांढरा पाणपक्षी, डोळे लाल. त्याचा आवाज मी लिहून सांगू शकत नाही. अर्धा कोल्ह्याचा, अर्धा कुणीतरी लांबून हाक मारल्यासारखा. धाकटी माझ्या कुशीत शिरली. बाहेर गवतावर काजवे होते. आपल्याकडे पावसाच्या तोंडावर नदीकाठच्या झाडांवर लागतात तेवढे नाहीत, पण होते. तिनं ते तुझ्यासाठी मोबाइलवर टिपायचा प्रयत्न केला, नुसता अंधार आला.

तू विचारशील म्हणून दोन-तीन गोष्टी. मगरी नाहीत. कृष्णाकाठच्या माणसाला ते आधी सांगायला हवं. डास आहेत आणि गोचिडीही आहेत, बारीक, आजार देणाऱ्या, म्हणून पायघोळ कपडे घालायचे आणि संध्याकाळी अंग तपासायचं. मासेमारीला परवाना लागतो, सतरा वर्षांच्या आणि त्यापुढच्या प्रत्येकाला. पाहुण्यांनाही मिळतो, हवा तर एका दिवसाचाही. त्या पैशातून मासे आणि पाणी सांभाळलं जातं. शिवाय इथे काठी घ्या, रीळ घ्या, गळ घ्या, त्यावर केंद्राचा एक वेगळा कर असतो आणि तो माशांच्या कामालाच राज्यांकडे जातो. १९५० चा कायदा आहे तो, आणि ज्या दोघांच्या नावानं तो ओळखला जातो त्यांतले एक, डिंगेल, मिशिगनचेच खासदार होते. म्हणजे गळ टाकणारा माणूसच तळ्याची राखण करतो. तुला हे आवडेल. नदीतल्या मळीच्या पाण्यावरून तू ग्रामसभेत एकटा उभा राहून भांडला होतास, तेव्हा तुझ्यामागे असा कुठला पैसा नव्हता आणि असा कुठला कायदाही कुणी दाखवला नाही. मी तेव्हा कॉलेजात होते आणि मला तुझी काळजी वाटली होती. अभिमान वाटायला हवा होता, तो आता वाटतो. हेही सांगायचं राहिलं होतं.

तर मामा, पुढच्या जूनला ये. मामीलाही घेऊन ये. इथल्या जागा सहा महिने आधी राखता येतात. म्हणजे डिसेंबरात ज्या सकाळी आरक्षण सुरू होईल त्या सकाळी मी मोबाइल घेऊन बसेन. कुठली जागा घ्यायची ते मी बघून ठेवलंय. पाण्याकडे उतार कमी आहे, हापसा जवळ आहे आणि सकाळचं ऊन मेजावर येतं. जमिनीवर झोपायचं नाही, तुझ्यासाठी घडीची खाट आणली आहे. रात्री गारठा असतो, मामीनं शिवलेली वाकळ आण. गळ आणलेस तर मोठ्या बॅगेत घाल, हातातल्या पिशवीत नको, विमानतळावर काढून घेतील. काठी आणू नकोस. काठी धाकटीनं तुझ्यासाठी राखून ठेवली आहे, तिच्या खोलीत दाराआड उभी आहे, तिच्या मुठीला तिनं लाल दोरा बांधलाय.

कुठेही लवकर पोचायचं नाही ह्या वेळी. मी हाक मारणार नाही.

आणि एक. तिनं तुला प्रश्न विचारलाय, उत्तर पत्रातच दे म्हणाली, फोनवर नको. धक्क्यावर बसलो असताना तिनं मला विचारलं की माशाला पापण्या नसतात, तर मग रात्री तो झोपतो कसा आणि तो झोपलाय हे वरून बघणाऱ्याला कळतं का. मला सांगता आलं नाही. मामाआजोबांना विचारते, म्हणाली, त्यांनी रात्री कंदील घेऊन डोहात बघितलं असेल.

मामीला नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा.

तुझी,
भाची